एकजीव शब्दाचं खरं वाक्य

२ डिसेंबर, मंगळवार

विद्याधर सरांचा हुकूम आहे, रोज निदान दहा ओळी मराठीत लिहायच्या. काय लिहायचं ते सांगितलेलं नाही. ‘जे घडलं ते लिहा, कुणाला दाखवू नका,’ एवढंच. तेव्हा ही दैनंदिनी आजपासून सुरू. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी गृहपाठ करत बसलोय म्हणून वसुमती, म्हणजे आमची सौभाग्यवती, येता-जाता हसते. हसू दे.

सर पुण्याचे निवृत्त शिक्षक. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांसाठी मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी संगणकावर वर्ग घेतात. मी नाव घातलं ते रविकिरणमुळे. आमचा एकुलता एक. नोकरीला म्हणून पुण्यात गेला आणि तिथे आश्लेषा नावाच्या मुलीशी लग्न ठरवून बसला. तिचे आईवडील कुणाच्या तरी लग्नाला बेंगळुरात येतायत, ते रविवारी आमच्याकडे जेवायला येणार. पोरं दोघंही पुण्यातच. पहिलीच भेट.

आमचं घराणं इथे किती जुनं, असं कुणी विचारलं की मी शहाजीराजांपासून सुरुवात करतो आणि समोरचा घड्याळाकडे बघायला लागेपर्यंत थांबत नाही. पण एवढ्या पिढ्यांत आमच्या मराठीत कानडी इतकी मुरली आहे की पुण्याच्या माणसासमोर तोंड उघडायची मला धास्ती वाटते. जन्मभर सरकारी खात्यात पूल बांधले, मंत्र्यांपुढे उभा राहून नकाशे समजावले, तेव्हा कधी वाटली नाही.

सर दर आठवड्याला एक विशेषण देतात. या वेळचं ‘एकजीव’. म्हणाले, चिवडा मिसळलेला असतो, एकजीव नसतो, कारण त्यातला शेंगदाणा वेचून काढता येतो. पिठलं एकजीव असतं. गुठळी राहिली तर तेही नसतं. आणि ‘एकजीव पिठलं’ असं फारसं कुणी म्हणत नाही, ‘पिठलं एकजीव झालं’ असं म्हणतात. शब्द बहुधा करणे किंवा होणे यांना धरून येतो. गृहपाठ असा: एक वाक्य स्वयंपाकघरातलं, एक स्वयंपाकघराबाहेरचं. वाक्य आपल्या घरातलं हवं आणि खरं हवं.

पहिलं लगेच जमलं. ‘अक्का ताक आणि डाळीचं पीठ हाताने एकजीव करते.’ दुसरं सुचत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी पहिलीत असताना आई गेली, तेव्हापासून अक्काच आई. लग्न केलं नाही. घड्याळांच्या कारखान्यात भिंग लावून बारीक चाकं बसवायचं काम तिने केलं, निवृत्त होईपर्यंत. आता चौऱ्याहत्तरची आहे आणि आमच्या जयनगरच्या घरात स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात. वसुमतीलासुद्धा तिथे विचारून जावं लागतं.

आज ती भाताला हुळी लावत होती. (हुळी म्हणजे आमची भाज्या घातलेली आंबट डाळ. पुण्यात आमटी म्हणतात, पण आमटी ती नव्हे.) म्हणाली, “नरसिंगा, स्वल्प तूप दे, अन्न कलसते.”

मी म्हटलं, “अक्का, कलसणे हा शब्द मराठीत नाही. सरांना विचारलं मी. कालवणे म्हणायचं.”

“सरी. मग?” (सरी म्हणजे बरं.)

“मग काय, भात कालवते म्हण.”

“भाताला काय कळतंय रे ते? तुझ्या सरांना म्हणावं, येऊन खाऊन बघा, कलसलंय का कालवलंय.”

एवढं म्हणून माझ्या हातावर घास ठेवला. याला आम्ही कैतुत्तु म्हणतो. शब्द कानडी, हातावरचा घास. मोठ्या पातेल्यात उरलेला भात, हुळी आणि तूप घालून घरातली मोठी बाई कालवते, सगळे भोवती जमिनीवर बसतात आणि ती प्रत्येकाच्या तळहातावर पाळीपाळीने गोळा ठेवते. ताट नाही, वाटी नाही. ताटात वाढलेला तोच भात कोणी खाणार नाही, पण हातावर दुप्पट जातो. मी निवृत्त झालो, केस गेले, तरी रविवारी संध्याकाळी अजून हात पुढे करून बसतो.

तिला एक सांगून ठेवलंय, पुण्याच्या लोकांसमोर जरा जपून बोल. ती म्हणाली, “मी कशाला बोलू? मी वाढते.”

७ डिसेंबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. सगळं व्यवस्थित झालं. एक गोष्ट सोडली तर. ती इतकी लहान आहे की लिहायचीही गरज नाही, पण सरांनी जे घडलं ते लिहा म्हटलंय.

आश्लेषाचे वडील मोकळे गृहस्थ. आई बोलायला गोड, पण मराठी अशी लखलखीत की मी प्रत्येक वाक्य बोलण्यापूर्वी मनात दोनदा तपासत होतो. अक्काने हितकिद अवरेची हुळी केली होती. अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा या दिवसांतच मिळतात, दाणे भिजवून एकेक दाणा चिमटीने सोलायचा, तो हितकिद. तिने काल दिवसभर तेच केलं. आज पाहुणे आले तेव्हा ती शेगडीपाशी होती, ओळख करून द्यायची राहूनच गेली, आणि किती सांगितलं तरी पंगतीत बसेना. “मी मागाहून बसते,” म्हणून अंगावरच्या सुती लुगड्यानिशी पदर खोचून वाढत राहिली.

आणि वाढताना बोललीच. “स्वल्प घालते हं. बेडा म्हणू नका. तुम्ही काहीच जेवेना!” बेडा म्हणजे नको, हे आश्लेषाच्या आईंना कळलं नाही. त्या गोंधळून हसल्या आणि हात आडवा धरला. वडील मला म्हणाले, “तुमच्याकडची मराठी ऐकायला मजा वाटते हो.” ते चांगल्या मनानेच म्हणाले असतील. माझी कानशिलं तापली.

जेवण झाल्यावर वसुमती हळदीकुंकवाचं तबक करायला आत गेली. तेव्हा आई म्हणाल्या, “तुमच्या स्वयंपाकाच्या बाईंच्या हाताला काय चव आहे! बऱ्याच वर्षांच्या आहेत का?”

मी म्हणालो, “हो. माझ्या लहानपणापासून आहेत.”

एवढंच. यात खोटं काय आहे? स्वयंपाक करते, बाई आहे, माझ्या लहानपणापासून आहे. शब्दन् शब्द खरा. त्यांचा गैरसमज झाला तो त्यांचा. पुढच्या भेटीत आपोआप दूर होईल. तेवढ्यात अक्का ताकाचे पेले घेऊन दारात आली होती. पेले टेबलावर ठेवून आत गेली. तिने ऐकलं नसावं. वयोमानाने तिला थोडं कमीच ऐकू येतं.

८ डिसेंबर, सोमवार

तिला कमी ऐकू येतं, हे मी काल लिहिलं. आज दुपारी मी दिवाणखान्यात चष्म्याची दांडी मोडल्याचा आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू गेला.

११ डिसेंबर, गुरुवार

एक चांगली बातमी. माझ्या वर्गाचा परिणाम घरावर होतोय. अक्का हल्ली कानडी शब्द घालत नाही. आज सकाळी मला म्हणाली, “कॉफी आणू का?” ना स्वल्प, ना सरी. दुपारी जेवायला बोलावताना म्हणाली, “पान वाढलंय, या.” मी दचकून मागे बघितलं, कोणी पाहुणा आला की काय. कोणी नव्हतं. मलाच ‘या’ म्हणाली. पुण्याकडे घरातल्या कर्त्या माणसाला असं अहो-जाहो करतात, तिने ते पाहुण्यांकडून उचललं असेल. या वयात इतकं शिकणं सोपं नाही. मी तिचं कौतुक केलं. ती म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत.”

वसुमतीला ही प्रगती आवडलेली दिसत नाही. म्हणते, “अक्कांचं काहीतरी बिनसलंय.”

२१ डिसेंबर, रविवार

आजही कैतुत्तु नाही. मागच्या रविवारीही नव्हता. मी नेहमीप्रमाणे हात धुऊन स्वयंपाकघरात जाऊन बसलो, तर अक्काने पाट मांडून ताट वाढलं. मी म्हटलं, “हातावर दे की.” म्हणाली, “भात थोडा आहे.” भात थोडा नव्हता. झाकण नीट बसलं नव्हतं, मला दिसला.

रविकिरणचा फोन आला होता. साखरपुडा धनुर्मास संपल्यावर, रथसप्तमीला, आपल्याच घरी गच्चीवर. त्याने अक्काला फोन द्यायला सांगितला. ती त्याच्याशी मात्र नेहमीसारखी बोलत होती, “जेवलास काय रे, पोट बरं आहे ना, स्वल्प झोपत जा.” हसतसुद्धा होती. मी जवळ गेलो तेव्हा फोन माझ्या हातात दिला आणि पदर सावरून उभी राहिली.

हे मला आवडलं नाही. आमच्या कचेरीत साहेब आले की शिपाई असा उभा राहायचा.

दुसरं वाक्य अजून जमलेलं नाही. सरांनी विचारलं, तेव्हा मी ‘आमचं कुटुंब एकजीव आहे’ असं सांगितलं. सर म्हणाले, “चालेल. खरं असेल तर.” वर्गात कोणी हसलं नाही, पण मला उगाचच वाटलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

१५ जानेवारी, गुरुवार

आज संक्रांत. बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की काहीतरी टाळतोय असं वाटायचं, मग उठायचो.

संक्रांतीला अक्काचं एळ्ळु असतं. तीळ, शेंगदाणे, भाजलेली डाळ, सुकं खोबरं आणि गूळ. खोबऱ्याचे आणि गुळाचे तुकडे ती अडकित्त्याने इतके बारीक आणि सारखे करते की बघत राहावं. कारखान्यातला हात. सकाळी आळीत घरोघर देऊन आली, सगळ्यांशी गप्पा मारून आली. ते मला खिडकीतून ऐकू येत होतं. घरात आली आणि आवाज बंद झाला.

मी चिमूटभर घेऊन खात होतो. एळ्ळु हे सरांच्या चिवड्यासारखंच, मिसळलेलं असतं, एकजीव नसतं. तीळ तीळच राहतो. मला वाटलं हे वाक्य सरांना सांगावं. तेवढ्यात अक्का समोर येऊन उभी राहिली. बसली नाही. म्हणाली, “एक विचारायचं होतं.”

“विचार की.”

“रथसप्तमीला पुण्याची माणसं येतील. मी कुठं असायचं ते सांगून ठेवा. आत राहू का? वाढायला बाहेर आलेली चालेल, का वसुमतीच वाढेल?”

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती चिडलेली नव्हती. कामाचं विचारावं तसं विचारत होती. म्हणजे तिने ऐकलं होतं. ताकाचे पेले हातात धरून दारात उभी होती तेव्हा, शब्दन् शब्द. आणि मी इतके दिवस तिच्या मराठीचं कौतुक करत होतो.

मी म्हणालो, “असं काय विचारतेस, अक्का?” ती म्हणाली, “विचारलेलं बरं. मागाहून घोटाळा नको.” आणि आत गेली.

मला माझी शरम वाटते. हे लिहिताना कोणी बघत नाही तरी मी कागदावर हात आडवा धरून लिहितोय.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज दुसरं वाक्य सुचलं. ‘मी एका वाक्यात खरं आणि खोटं असं एकजीव केलं, की नंतर मलाही ते वेगळं काढता आलं नाही.’ घरातलं आहे आणि खरं आहे. सरांना पाठवण्याची हिंमत नाही.

ठरवलं की आश्लेषाच्या आईंना फोन करून सरळ सांगायचं. दुपारी केला. त्यांनी उचलला आणि मी काही बोलण्याच्या आत म्हणाल्या, “बरं झालं फोन केलात. मानपानाच्या साड्या घेतल्या आज. आणि तुमच्या त्या बाईंनाही एक घेतली हो, साधीच, रोज नेसण्यातली. त्यांच्या हातची हुळी विसरता येत नाही.”

मी म्हणालो, “कशाला, कशाला.”

त्या म्हणाल्या, “असू दे हो, कष्ट करतात बिचाऱ्या.”

यावर मी काय म्हणालो? ‘बरं,’ म्हणालो. फोन ठेवला. आता सांगितलं तर त्यांना साडीबद्दल किती ओशाळं वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पाच मिनिटं घातली, मग ती समजूतही गळून पडली. मला त्यांच्या ओशाळण्याची काळजी नव्हती. ‘माझी सख्खी बहीण’ म्हटल्यावर त्या ‘मग त्या दिवशी असं का म्हणालात?’ म्हणून विचारतील, त्याला उत्तर नव्हतं.

वसुमतीलाही अजून सांगितलेलं नाही. तिने अक्कासाठी मोतिया रंगाची म्हैसूर सिल्क आणलीय, जरीचे काठ असलेली. अक्काने ती मांडीवर घेऊन बराच वेळ काठावरून बोट फिरवलं.

२४ जानेवारी, शनिवार

रविकिरण आणि आश्लेषा आले. मुलगी गोड आहे. तिची अक्काशी पहिलीच भेट, आल्या आल्या नमस्कार केला आणि पहिला प्रश्न, “कैतुत्तु कधी मिळणार? रवी सारखं सांगत असतो.” अक्का म्हणाली, “उद्या. सगळे बसले की.” म्हणजे उद्या पातेलं निघणार. मला धीर आला.

ते दोघं बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का विड्याची पानं पुसत होती. मी शेजारी बसून चार पानं पुसली. म्हटलं, “अक्का, त्या दिवशी मी...”

ती म्हणाली, “पानं उलटी ठेवताय.”

मी सरळ ठेवली. पुढचं वाक्य तोंडात होतं. खरंच होतं. तेवढ्यात मांडववाला गच्चीवरून हाक मारू लागला आणि मी उठलो. मांडववाल्याला दोन मिनिटं थांबता आलं असतं. मीच सुटलो म्हणून पळालो.

२६ जानेवारी, सोमवार

कालचं काल लिहिता आलं नाही.

सकाळी पुण्याची मंडळी आली. आश्लेषा गच्चीवर वसुमतीबरोबर रांगोळी काढत होती. तिच्या आई आल्या आल्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, मी मागोमाग. त्यांनी पिशवीतून साडी काढली आणि अक्काच्या हातात दिली. “तुमच्यासाठी हो बाई. आठवणीने आणलीय.” निळ्या फुलांची, छापील. अक्काने दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली आणि म्हणाली, “फार छान आहे.” इतकी शुद्ध मराठी मला आजवर जमलेली नाही. मी दारात उभा होतो. बोलायला तोंड होतं, वेळ होता, मध्ये कोणी नव्हतं. मी म्हणालो, “चला, वर गच्चीवर बसू या.”

साखरपुडा सुरू व्हायच्या वेळी अक्का वर आली ती निळ्या फुलांची साडी नेसून. वसुमती धावली. “अक्का, हे काय? सिल्क कुठंय?”

“ही मिळाली ना मला,” अक्का म्हणाली. “मिळालेली नेसावी.”

सगळ्यात मागच्या ओळीत, आचाऱ्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. रविकिरणने दोनदा पुढे बोलावलं, तिने हातानेच ‘साकु, साकु’, म्हणजे पुरे, पुरे, अशी खूण केली. अंगठ्या घातल्या, अक्षता पडल्या, लोक जेवले, गेले. फोटोवाला ‘हसा साहेब’ म्हणाला तेव्हा मी हसलो. त्या फोटोत मागे ती निळी साडी दिसते.

दुपार कलल्यावर घरची तेवढी माणसं उरली. रविकिरण दिवाणखान्यात जमिनीवर मांडी घालून बसला आणि ओरडला, “अक्का, कैतुत्तु!” आश्लेषा त्याच्या शेजारी बसली. तिचे वडीलही बाह्या सरसावून बसले. वसुमती बसली. मी बसलो. आश्लेषाच्या आईंचे गुडघे दुखतात, त्या मागे खुर्चीवर बसून कौतुकाने बघत होत्या.

अक्का मोठं पातेलं घेऊन आली. भात, हुळी, वरून तूप. मध्ये बसून तिने कालवायला घेतलं. घाई नाही. बोटं भातातून फिरत होती आणि हळूहळू भात, डाळ, तूप काही वेगळं दिसेनासं झालं. पहिला गोळा रविकिरणच्या हातावर, दुसरा आश्लेषाच्या, तिसरा तिच्या वडिलांच्या, चौथा वसुमतीच्या. मग माझा तळहात. तिचा हात माझ्यावरून पुढे गेला आणि परत रविकिरणपाशी पोचला.

“अक्का, मी राहिलो,” मी म्हटलं.

“साहेबांना हातावर कसं द्यायचं?” अक्का म्हणाली. “वसुमती, त्यांना ताट आण.”

वसुमतीला वाटलं थट्टा आहे, ती हसली. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. आश्लेषाचे वडील दर घासाला ‘वा’ म्हणत होते. माझा हात तसाच पुढे होता. मागे घेतला असता तर मी पुन्हा एकदा पळालो असतो.

मागून आश्लेषाच्या आई म्हणाल्या, “बरोबरच आहे. मालकांना कशा देतील त्या हातावर? पण किती घरच्यासारख्या आहेत हो तुमच्या स्वयंपाकाच्या बाई!”

रविकिरणचा घास तोंडाशी थांबला. “कोण?” तो म्हणाला. “स्वयंपाकाच्या बाई कोण?”

आश्लेषा आईकडे बघायला लागली. वसुमती माझ्याकडे बघायला लागली. तिला सगळं तेवढ्यात कळलं असावं, तिचा चेहरा मला या जन्मी विसरता येणार नाही. अक्का पातेल्यात बघत होती.

मी म्हणालो, “ही माझी अक्का आहे. कावेरी. माझी सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर हिने मला वाढवलं, हिच्या पगारावर मी शिकलो. तुम्ही त्या दिवशी विचारलंत आणि मी सांगितलं नाही. मला हिच्या बोलण्याची लाज वाटली तुमच्यासमोर. तुमची काही चूक नाही. हिने ते ऐकलं होतं, हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो.”

आश्लेषाच्या आई खुर्चीवरून उठल्या, त्यांचा चेहरा लाल झाला होता. “अहो, मी साडी... अगं बाई, मी काय केलं हे...”

अक्काने खरकटा हात वर करून त्यांना थांबवलं. “साडी छान आहे. स्वल्प मऊ आहे, ते बरं. मला टोचत नाही.”

मग माझ्याकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. पातेलं माझ्याकडे कलतं केलं. तळाला तुपाचा एक ओघळ होता, बाकी काही नव्हतं.

“आत्ता सांगतोस होय रे नरसिंगा? पातेलं रिकामं झाल्यावर?”

उठली आणि पातेलं घासायला घेऊन गेली. मी पुढे केलेला हात बराच वेळ तसाच राहिला होता, तो शेवटी रविकिरणने धरून खाली ठेवला. बापाचा हात धरून ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

सगळे गेले. जाताना आश्लेषाच्या आई अक्काजवळ स्वयंपाकघरात बराच वेळ बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला कोणी सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क मला नाही. वसुमती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं म्हणणं एकच, “मला तरी सांगायचं होतं.” तेही खरं आहे.

आज वर्गात मी दुसरं वाक्य वाचून दाखवलं. खऱ्या-खोट्याचं. सर म्हणाले, “प्रयोग अचूक आहे.” इतर दिवशी अशा शेऱ्यावर मी दिवसभर मिरवलो असतो. आज संगणक बंद करून सरळ स्वयंपाकघरात गेलो.

अक्का रात्रीचा भात उतरवत होती. मी जमिनीवर बसलो आणि हात पुढे केला. म्हटलं, “अक्का, एक घास दे. कलसून.”

तिने माझ्या हाताकडे बघितलं. भातावर झाकण ठेवलं.

“कैतुत्तु असा मागून मिळत नाही रे. सगळे बसले की मिळतो. पोरं उगादीला येतील, तेव्हा बस.”

“आणि तोवर?”

“तोवर ताटात जेव.”

मी ताट घेतलं.